आखराचा लिलाव

लढाई नेमकी कुठं लागली आहे, हे मांडवझरीत कोणाला नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं नसतं. समुद्राच्या कुठल्याशा अरुंद गल्लीत जहाजं अडकून पडली, एवढं टीव्हीवाला रोज घसा फोडून सांगत होता. पण त्या गल्लीचं दुसरं टोक आपल्याच स्वयंपाकघरात निघतं, हे गावाला फाल्गुन लागल्यावर कळलं. केळझरच्या पुढं डांबरी सडक सोडून आत वळलं की मांडवझरी लागतं. गॅसची गाडी तिथं आधी आठवड्याला यायची, मग पंधरवड्यानं यायला लागली, आणि मग नुसती तिची बातमी यायला लागली. शहराला सिलेंडर लवकर आणि खेड्याला उशिरा, असा नियम वरून निघाला होता. खेड्यातली माणसं उशिरा जेवतात, असं वरच्यांना वाटत असावं.

आणि अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसं अख्खं गाव जयवंताच्या दारात येऊन उभं राहिलं.

जयवंता ही रूपराव गायकीची बायको. गायकी म्हणजे गावाची ढोरं राखणारा. गावाबाहेर चिंचेखाली आखर होतं. सकाळी ज्याने त्याने आपली ढोरं तिथं आणून सोडायची, सगळी जमेपर्यंत रूपरावनं ती थांबवून धरायची आणि मग रानात घेऊन जायची, असा रिवाज. आणि या रिवाजाला जोडूनच दुसरा होता, की ढोरं आखरावर उभी असताना जे शेण पडेल ते गायकीच्या घरचं. हे कोणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. रूपरावच्या आज्याच्या आज्यापासून ते चालत आलं होतं, आणि गायकीच्या मजुरीचा तो अर्धा हिस्सा होता.

रोज सकाळी ढोरं गेली की जयवंता टोपलं घेऊन आखरावर उतरायची. शेण अजून वाफाळत असायचं. ते दोन्ही हातांनी ओढून टोपल्यात भरायचं, डोक्यावर चढवायचं, घरामागच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकायचं, त्यात तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, कालवायचं आणि मग वाकून वाकून थापायचं. कंबर अशी धरायची की उभं राहताना आधी एक हात गुडघ्यावर टेकवावा लागे. हाताच्या भेगांत कुटाराची कुसं जात. तिच्या घरातही सरकारी योजनेतून आलेलं सिलेंडर होतं, पण ते कधीचंच रिकामं झालं होतं आणि त्याच्यावर पाण्याचा माठ छान बसत होता. गावातल्या सुना लायटर टकटक करून चहा करत होत्या, तेव्हा जयवंता रस्त्यानं टोपलं घेऊन निघाली की नाकाला पदर लावत होत्या. गवऱ्या घेत होतं कोण? होळीला पोरं मागायला येत, आणि गावात कोणी मेलं की सरणासाठी निरोप येई. तेवढंच तिचं गिऱ्हाईक.

आता मात्र पहिली आली ती खुद्द सरपंचबाई. छाया ही बायांच्या राखीव जागेवर निवडून आलेली सरपंच, पण गावाचा कारभार तिचा नवरा चंद्रभानच हाकत होता. छाया सही करायची आणि चहा ठेवायची. गेल्या महिन्यापासून चहा ठेवणंही जड झालं होतं.

"जयवंताबाई," छाया म्हणाली. आजवर ती नुसतं 'ए जयवंता' म्हणत आली होती. "शेकडाभर गवऱ्या पायजे होत्या. काय भाव लावशीन?"

"दोनशे रुपये शेकडा."

"दोनशे? अवो, मागच्या साली तं तू पन्नासात देऊन राह्यली होती."

"मागच्या साली घेतल्या कोनं?" जयवंता म्हणाली, आणि हातातली गवरी थापून मोकळी झाली.

छायानं पदराची गाठ सोडली. तिनं पैसे दिले. तिच्यामागून दुसरी आली, दुसरीच्या मागून चार आल्या. जयवंतानं कोणाला अडवलं नाही, कोणाला उधार नाकारलं नाही, पण भाव एकच सांगितला. लग्न होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे लोकांचं काम अडलं होतं. तिला ते आवडत होतं, आणि आवडतं हे ती स्वतःपासून लपवतही नव्हती.

हिरालालच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. हिरालालचं किराण्याचं दुकान, आणि गॅसचं गावातलं वाटपही त्याच्याकडेच. आलेली सिलेंडरं दुकानाच्या पुढच्या दारानं संपलेली असत आणि मागच्या दारानं अडीच हजाराला मिळत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं, कारण बोलणाऱ्याला मागचं दारही बंद झालं असतं. एक दिवस तो छत्री लावून जयवंताच्या घरामागं आला. रचून वरून शेणानं लिंपलेले गवऱ्यांचे ढीग त्यानं नजरेनंच मोजले.

"पूरा माल देऊन टाक बाई. एकमुश्त. मी गाडी पाठवतो."

"अन् गावातल्या बायाइले काय देऊ?"

"त्याइले मी देईन ना."

"तुमच्या भावानं?"

हिरालाल हसला. "धंदा हाय बाई. सेलूच्या ढाब्यावर आज गवरी सोन्यावानी जाऊन राह्यली."

"मंग राहू द्या शेठ. माहं सोनं घरचंच बरं."

हिरालालनं छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. "तुही मर्जी," एवढंच म्हणून तो गेला. पण शेठजीची गाडी अशी एका धोंड्याला अडत नसते.

दोन दिवसांनी सकाळी ग्रामपंचायतीवरचा भोंगा खरखरला. जयवंता कुटार कालवत होती. आधी खोकल्याचा आवाज आला, मग चंद्रभानचा. तो असली भाषा फक्त भोंग्यावर बोलायचा: "युद्धजन्य परिस्थिती लक्षात घेता, नागरिकांची लूट थांबवण्यासाठी, गावात गवऱ्यांचा भाव साठ रुपये शेकडा ठरवण्यात आला आहे. जास्त घेणाऱ्यावर दंड बसेल. तसेच आखर ही ग्रामपंचायतीची जागा असल्यानं तिथल्या शेणाचा लिलाव करण्यात आला असून तो श्री. हिरालाल यांनी घेतला आहे. इतर कोणी शेण उचलू नये."

जयवंताचे हात शेणात तसेच राहिले. भाव बांधला होता तो फक्त गावापुरता. आखरावरचं शेण हिरालालच्या मजुरानं उचललं की गवऱ्या सेलूला जाणार होत्या, आणि सेलूच्या भावाला कोणाचा बांध नव्हता. शेठच्या मागच्या दारालाही नव्हता. कंट्रोल होता तो एकट्या जयवंतावर.

"लढाई समुद्रात," ती मोठ्यानं म्हणाली, "अन् कंट्रोल माह्या शेनावर."

संध्याकाळी रूपराव घरी आला तेव्हा त्याच्या चालण्यावरूनच तिनं ओळखलं की याला आधीच माहीत होतं. तो पाय धूत बसला, एकच पाय दोनदा धुतला.

"तुमाले बोलावलं होतं?"

"हो."

"कवा?"

"परवा. ढोरं सोडून गेलतो." तो खाली बघून बोलत होता. "खुर्च्या होत्या, पन मले कोनी बस म्हनलं नाई. दारापाशी उभा होतो. चंद्रभानभाऊनं इचारलं, आखर कोनाचं? मी म्हनलं, गावाचं. मंग ते म्हनले, गावाचं आखर तं शेनबी गावाचंच. मले बोलायले जमलं नाई जयवंते."

तिला राग आला, खूप आला. पण समोर बसलेल्या माणसाचे खांदे इतके उतरले होते की त्यांच्यावर आणखी काही ठेवायची तिला हिंमत झाली नाही. तिनं भाकर वाढली. आंबाडीची भाजी वाढली. दोघं जेवले. शेण गेलं तर मजुरीचा अर्धा हिस्सा गेला, आणि एकदा लिलावात गेलेली गोष्ट पुन्हा रिवाजात येत नाही, हे तिला कळत होतं. यंदा शेण गेलं तर ते कायमचंच गेलं.

ताट घासताना तिचा हात थांबला.

"अवो, ढोरं आखरावर काऊन थांबतात?"

"सगळी जमावी म्हून."

"थांबवते कोन?"

"मीच थांबवतो. दुसरं कोन थांबवन?"

"मंग आपल्या वावरात थांबवली तं?"

रूपराव तिच्याकडे बघत राहिला. त्यांचं दोन एकराचं खडकाळ वावर आखराच्या थोडं पुढं, रानाच्या वाटेवरच होतं. पिकायचं काही नाही, पण त्यात ढोरं उभी राहायला हरकत कसली? ठरावात आखराचं शेण होतं. ढोरांनी आखरावरच उभं राहावं, असं त्या ठरावात कोणी घातलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या ढोरं चिंचेखाली उभी बघून शहाण्यासुरत्यांना वाटत आलं होतं की शेण जागेचं असतं.

रूपरावचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं रडतो आहे. पण तो हसत होता, आवाज न करता, तोंडावर ओला हात धरून.

दुसऱ्या दिवशी ढोरं आखरावर आली आणि थांबलीच नाहीत. रूपरावनं पुढच्या गाईला हाळी दिली आणि तिला सरळ आपल्या वावरात नेऊन उभं केलं. ती नानाजींची म्हातारी कपिली होती. कपिली थांबली तशी बाकीची थांबली. मागून ज्यांची ढोरं उशिरा आली त्यांना चार पावलं जास्त चालावं लागलं, एवढाच फरक. दिवस वर आला, ढोरं रवंथ करत उभी राहिली, आणि जे पडायचं ते जयवंताच्या वावरात पडलं.

हिरालालचा मजूर टोपलं आणि फावडं घेऊन आखरावर आला तेव्हा तिथं चिंचेचा पाला, एक कुत्रं आणि कुठल्याशा चुकार वासराच्या शेणाचा एक पो होता. तो तेवढा उचलून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तेवढाही मिळाला नाही. मग शेठ स्वतः छत्री घेऊन आला. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून बघतो तर जयवंता शेण भरून राहिली आहे आणि दहाबारा बाया तिनं घरून आणून रचलेल्या गवऱ्या दोनशेच्याच भावानं घ्यायला थांबल्या आहेत.

"बाई, माहा माल कुठी गेला?"

"मालाले पाय हायेत शेठ," जयवंता म्हणाली. "चार चार."

बाया पदरात हसल्या. शेठपुढं उघड हसायची त्यांना सवय नव्हती, पण त्या हसल्या. हिरालालचं तोंड उन्हानं लाल झालं होतं की कशानं, हे छत्रीच्या सावलीत नीट दिसलं नाही. तो तिथून सरळ चंद्रभानकडे गेला.

चंद्रभान आला तो मोटरसायकलवर, आणि ती बंद न करता बोलला. रूपराव काठीवर हात टेकून उभा होता.

"रूपराव, हे काय लावलं? उद्यापासून ढोरं आखरावर थांबली पायजे. अन् भाव साठाचा. नाई तं दंड बसन."

रूपरावनं बायकोकडे पाहिलं नाही. तिला वाटलं, आता हा मान खाली घालणार. पण तो म्हणाला, "भाऊ, ढोरं माह्या वावरात उभी करून राह्यलो. तुमच्या तं नाई ना?"

हे वाक्य तसं काही मोठं नव्हतं. पण चंद्रभाननं मोटरसायकल बंद केली.

"असं? लय बोलायले लागला. मंग उद्यापासून ढोरं गोपाल नेईन. तू बस घरी, वावराची राखन कर."

गोपाल म्हणजे चंद्रभानच्या शेतातला सालदार. मोटरसायकल गेली तरी धूळ बराच वेळ उडत राहिली. जयवंताला आता भीती वाटली. शेणासाठी भांडताना ढोरंच हातातून गेली. अंबारी वाचवायला गेलो आणि हत्तीसकट गमावली, असं झालं. आपण ही युक्ती काढली नसती तर निदान गायकी तरी राहिली असती, असंही तिच्या मनात येऊन गेलं. रूपरावनं मात्र तिला दोष दिला नाही.

सकाळी तो सवयीनं लवकर उठला, काठी हातात घेतली, दारापर्यंत गेला आणि काठी पुन्हा कोपऱ्यात ठेवून ओट्यावर येऊन बसला. रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. तिकडं आखरावरून गोपालचा आवाज येत होता. तो ढोरांना शिव्या देत होता, आणि त्या आवाजावरूनच रूपराव प्रत्येक वेळी मान हलवत होता.

"कपिलीले मारून राह्यला," तो म्हणाला. "तिले मारलं का ती आडवी शिरते."

"तुमाले काय करायचं?" जयवंता म्हणाली, पण तिचाही कान तिकडंच होता.

गोपालनं ढोरं आखरावर दाबून धरली होती. ऊन चढलं. कपिलीला रूपरावच्या वावराकडं जायचं होतं, गोपालनं तिच्या तोंडावर काठी घातली. ती वळली आणि आखराशेजारच्या कुंपणाच्या खिंडारातून सरळ पलीकडे घुसली. पलीकडे चंद्रभानचा गहू होता, कापणीला आलेला, ओंब्या पिवळ्याधमक. एक गेली की सगळी जातात. गोपाल ओरडत एका बाजूनं धावला तर ढोरं दुसऱ्या बाजूनं आत पसरली.

छाया अनवाणी धावत आली. केस सुटलेले, पदर कमरेला कसाबसा खोचलेला. ओट्यासमोर येऊन थांबली तेव्हा तिला बोलायला दम नव्हता.

"रूपरावभाऊ... गव्हात ढोरं... गोपालचं आइकत नाई. हे वर्ध्याले गेले. तुमी चला ना."

रूपराव उभा राहिला आणि त्यानं जयवंताकडे पाहिलं. छायानंही जयवंताकडे पाहिलं. त्या एका क्षणात सगळं जयवंताच्या हातात होतं. आधी ठराव मोडा, आधी गायकी द्या, आधी माफी मागा, यातलं काहीही ती म्हणू शकली असती आणि छायानं हो म्हटलं असतं. जयवंताच्या ओठावर ते आलंही होतं. पण तिला गहू दिसत होता. गव्हानं तिचं काय घोडं मारलं होतं?

"बघता काय?" ती नवऱ्याला म्हणाली. "काठी घ्या न् पळा."

आणि स्वतःही मागून पळाली.

रूपराव गव्हाच्या धुऱ्यावर चढला आणि त्यानं हाळी दिली. ती हाळी काही शब्दांची नव्हती, घशातून निघणारा एक लांब आवाज होता, आणि तो गावानं इतकी वर्षं ऐकला होता की कोणाचं त्याच्याकडे लक्षही जात नसे. गव्हातून एकेक मान वर झाली. कपिलीनं तोंडातली ओंबी चावत कान हलवले आणि ती त्याच्याकडे चालायला लागली. चारपाच हट्टी गोऱ्हे तेवढे आत राहिले. ते जयवंतानं आणि छायानं मिळून हाकलले. एकीनं शेपूट धरलं, दुसरीनं शिंगाकडून वळवलं. छायाच्या पायात काडी घुसली, जयवंताची बांगडी फुटून मनगटाला लागली. शेवटचा गोऱ्हा बाहेर निघाला तेव्हा दोघी धुऱ्यावर मटकन बसल्या. कोपरा तेवढा तुडवला गेला होता. बाकीचा गहू वाचला होता.

"तू आधी काऊन नाई बोलली?" छायानं विचारलं. "मी काईबी कबूल केलं असतं."

"म्हून तं नाई बोलली," जयवंता म्हणाली. "अडल्या बाईकून कबूल करून घेतलेलं सकायी उठून कोन पाळते?"

छाया पायातली काडी काढत होती. ती काढून झाल्यावरही तिनं पाय हातात तसाच धरून ठेवला. "ठरावावर माही सही हाय," ती म्हणाली. "मले तं वाटलं, आपल्या बायाइले स्वस्त मिळन. शेठ गाडी भरून सेलूले नेईन हे मले कोनं सांगतलंच नाई."

"तुमी इचारलं कोनाले?"

"नाई इचारलं," छाया म्हणाली.

त्याच संध्याकाळी भोंगा पुन्हा खरखरला. या वेळी आवाज बाईचा होता, थोडा घाबरलेला, पण स्पष्ट. ग्रामसभा बोलावली होती. ग्रामपंचायतीच्या ओसरीत माणसं जमली, आणि आजवर कधी आल्या नव्हत्या इतक्या बाया आल्या. चूल पेटवणाऱ्या सगळ्याच आल्या म्हणा ना. चंद्रभान वर्ध्याहून परतला होता आणि आल्या आल्या त्याला गव्हाची हकिकत कळली होती. तो खुर्चीवर सावरून बसला आणि सुरुवात केली, "तर सरपंचबाईंचं म्हणणं असं आहे की..."

"सरपंचबाईचं म्हननं सरपंचबाई सांगते," छाया म्हणाली.

बाया हसल्या. चंद्रभान पण हसला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही.

"रूपरावभाऊ, खाली नोका बसू. खुर्ची घ्या," छाया म्हणाली. रूपराव अवघडून खुर्चीच्या टोकावर बसला. "आज ह्या मानसानं माहा गहू वाचवला, अन् काल आपन त्याची गायकी काढली. आखराच्या शेनाचा लिलाव रद्द. गायकीच्या घरचं शेन हाय, गायकीच्याच घरी जाईन. कोनाले काई म्हनाचं हाय?"

हिरालाल उभा राहिला. "बाई, लिलाव माह्या नावानं सुटला. मी कायद्यानं घेतलं. माह्या मालाचं काय?"

जयवंता बायांच्या पुढच्या ओळीत बसली होती. ती उठली नाही, बसूनच बोलली. "शेठ, तुमी आखर घेतलं. आखर तिथंच हाय, कोनी उचलून नेलं नाई. ढोरं कुठी घेतली होती तुमी?"

आता पदराआडून हसण्याचे दिवस संपले होते. ओसरी मोकळेपणी हसली. हिरालाल खाली बसायला लागला तर छाया म्हणाली, "उभेच राहा शेठ. तुमचे पैसे परत मिळतीन. पन भाव बांधाचाच म्हनता तं आपन सगळाच बांधू. तुमच्या मागच्या दारानं सिलेंडर कितीले जाते?"

कोणी बोललं नाही. आजवर या प्रश्नावर गाव असंच गप्प बसत आलं होतं. हिरालालनं इकडंतिकडं पाहिलं आणि तो जरा सावरला. तेवढ्यात मागून काठी टेकत नानाजी उभे राहिले, कपिलीचे मालक, गावातले सगळ्यात म्हातारे. "म्या घेतलं," ते म्हणाले. "अडीच हजाराले. म्हातारी बिमार होती, गरम पानी लागे. मले मागचं दार बंद झालं तं होऊ दे. आता तं चूल हाय."

मग दुसरा उठला, मग तिसरी. मागचं दार बंद होण्याची भीती चुलीपुढं बसणाऱ्याला उरली नव्हती. हिरालालनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. सिलेंडर यापुढं पुढच्या दारानं, नंबरानं आणि छापील भावानं जाईल, असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायला फार वेळ लागला नाही. चंद्रभान मध्येच काही बोलणार होता, पण बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो खाकरून गप्प बसला.

"अन् गवऱ्यांचा भाव?" कोणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या माना जयवंताकडे वळल्या. जिंकलेल्या माणसाकडून लोकांची एक अपेक्षा असते, की आता यानं मन मोठं करावं. शंभर म्हणेल, नाहीतर ऐंशी, असा सगळ्यांचा अंदाज होता. जयवंताला ती अपेक्षा त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसली. तिला आपली कंबर आठवली, भेगांतली कुसं आठवली. साठ रुपये हा भाव तिला न विचारता दुसऱ्यांनी सांगितला होता. आता तिला विचारलं होतं, आणि अख्खं गाव उत्तराची वाट पाहत थांबलं होतं.

"दोनशे," ती म्हणाली. "होता तोच. ज्याच्यापाशी नसन त्यानं मले येऊन सांगावं, तो माहा न् त्याचा हिशोब. पन भाव दोनशे."

बायांनी छायाकडे पाहिलं. मग छाया म्हणाली, "बरोबर हाय. कष्टाचा भाव हाय. माह्या घरी उद्या दोन शेकडे पाठवून देजो जयवंताबाई."

"पाठवनं जमत नाई सरपंचबाई. सकायी वावरात येजो. रांग असते. अन् तुमचा नंबर रुख्मिणीभाभीच्या मागं हाय, त्याइनं दुपारीच सांगून ठेवलं."

रुख्मिणीभाभी म्हणजे हिरालालची बायको. तिनं दोन्ही हातांनी तोंडावर पदर ओढला. शेठनं घरचं सिलेंडरही मागच्या दारानं विकलं होतं, हे गावाला त्या पदरावरून कळलं.

ओसरी अशी हसली की पार आखरातल्या चिंचेवरचे बगळे उडाले. नानाजींना हसता हसता ठसका लागला, चंद्रभान गुडघ्यावर हात मारून हसला, रूपराव खुर्चीच्या टोकावरून सरकून आता तिच्यात पूर्ण बसला होता आणि हसत होता. जयवंता तेवढी हसली नाही. धंद्याच्या गोष्टीत ती हसत नसे.